कार्ब्युरेटरची मारुती ८००: घरच्या घरी देखभाल, स्क्रूला हात सगळ्यात शेवटी

जुनी ८०० मिसिंग करायला लागली, चढाला पिकअप देईना किंवा ॲव्हरेज पडलं, की पहिला संशय कार्ब्युरेटरवर, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागावर, जातो. कोणीतरी स्क्रू ड्रायव्हर घेतो, दोन स्क्रू अर्धा-अर्धा फेरा फिरवतो, गाडी दोन दिवस बरी चालते आणि मग आधीपेक्षा वाईट. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. बहुतेक वेळा दोष दुसरीकडे असतो: धुळीने भरलेला एअर फिल्टर, वाढलेला स्पार्क प्लगचा गॅप, तडकलेला व्हॅक्यूम पाइप, अर्धा ओढलेला राहिलेला चोक (गार इंजिनासाठी हवा अडवणारी झडप). म्हणून या लेखात कार्ब्युरेटर शेवटी येतो. त्याच्या आधीचं सगळं तपासून झालं, की त्याला हात लावायची गरज बऱ्याचदा उरतच नाही.

आधी आपली गाडी कोणती ते बघा. पहिली ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली, १९८६ मध्ये तिचा आकार बदलला, २००० च्या सुमारास कार्ब्युरेटरऐवजी पेट्रोल फवारणारं एमपीएफआय इंजिन आलं आणि जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबलं. इथे आपण बोलतोय ते ७९६ सीसीच्या, तीन सिलिंडरच्या, कार्ब्युरेटर असलेल्या गाडीबद्दल. डॅशबोर्डवर ओढायची चोकची मूठ असेल तर गाडी तीच. एमपीएफआयवाल्यांनी ऑईल, पाणी, बॅटरी आणि ब्रेकचा भाग वाचावा, बाकीचा सोडून द्यावा.

जागा आणि हत्यारं

सातारा शहरात सपाट जागा मिळणं हेच निम्मं काम. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या उताराच्या गल्लीत गाडी जॅकवर चढवू नका. सपाट फरशी किंवा काँक्रीट शोधा. माती असेल तर जॅकखाली जाड फळी टाका.

१०, १२, १४ आणि १७ चे रिंग पाने, स्पार्क प्लगसाठी २१ चा पाना, फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पातळ पट्ट्या), साधा मल्टिमीटर, दोन टनांचा जॅक, दोन जॅक स्टँड आणि पाच लिटरची पसरट घमेली, एवढ्यावर भागतं. स्टँडवर पैसे वाचवू नका. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही, विटांच्या ठोकळ्यांवर तर अजिबात नाही. वीट कधी फुटते ते आधी कळत नाही.

हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो हे कायम लक्षात ठेवा. पुढची बाजू उचलताना हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना दगड लावा. मागची बाजू उचलली की हँडब्रेकचा उपयोग संपला. तेव्हा गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि दगड पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लावा.

इंजिन ऑईल

या कामापासून सुरुवात करा. पैसे वाचतात, शिवाय इंजिनाची तब्येत कळते. साधं २० डब्ल्यू ४० मिनरल ऑईल या इंजिनाला पुरेसं आहे. महागडं सिंथेटिक पातळ ऑईल जुन्या सीलमधून झिरपतं. ५,००० किलोमीटर किंवा सहा महिने, जे आधी होईल तेव्हा बदला. फिल्टरसकट साधारण पावणेतीन ते तीन लिटर बसतं, पण अखेरचा शब्द डिपस्टिकचा.

१. ऑईल काढण्यापूर्वी डिपस्टिक ओढून बोटावर घ्या आणि वास घ्या. दुधाळ चहासारखा रंग असेल तर ऑईलमध्ये पाणी गेलंय, हेड गॅसकेटचं (इंजिनाच्या वरच्या भागाखालच्या पॅकिंगचं) काम असू शकतं. पेट्रोलचा वास येत असेल आणि लेव्हल न भरता वाढली असेल तर इंजिनवरच्या मेकॅनिकल पेट्रोल पंपाचा पडदा फाटला असण्याची दाट शक्यता आहे. तो फाटला की पेट्रोल थेट चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑईल साठतं तिथे, उतरतं, ऑईल पातळ होतं आणि बेअरिंग खातं. अशी गाडी पंप बदलेपर्यंत चालू करू नका.

२. इंजिन पाच मिनिटं चालवा, बंद करून दहा मिनिटं थांबा. ऑईल कोमट असलं की गाळ घेऊन बाहेर येतं. उकळतं असलं तर हात भाजतो.

३. पुढची बाजू स्टँडवर घ्या. वरचं ऑईल भरायचं टोपण उघडा, मग चेंबरचा ड्रेन प्लग. बहुतेक गाड्यांना १७ चा पाना लागतो. खालून बघताना डावी-उजवीचा घोळ होतो आणि ढिला करायच्या नादात प्लग आवळला जातो. प्लगच्या समोर तोंड करून घड्याळाच्या उलट फिरवा. शेवटचे दोन आटे हाताने, प्लग आत दाबत सोडवा आणि झटकन बाजूला घ्या.

४. धार थेंबांवर आली की दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या. तोवर जुना फिल्टर काढा. हाताने निघत नसेल तर त्याभोवती पॉलिश पेपर गुंडाळून पकडा. फिल्टर निघाला की त्याची रबरी रिंग त्याच्यासोबतच आली का ते बघा. ती इंजिनला चिकटून राहिली आणि तिच्यावर नवा फिल्टर बसला, तर गाडी चालू करताच ऑईलची पिचकारी उडते.

५. नव्या फिल्टरच्या रिंगला ताज्या ऑईलचं बोट फिरवा. हाताने लावा, रिंग टेकली की पाऊण फेरा. पाना लावायचा नाही.

६. ड्रेन प्लगला नवा वायसर घाला. सुरुवातीचे आटे हातानेच बसवा. प्लग हाताने फिरत नसेल तर तो तिरका बसलाय. तिथे पाना लावला की आटे गेलेच, आणि मग दहा-वीस रुपयांच्या वायसरऐवजी चेंबर उतरवायची वेळ येते. शेवटी नेहमीच्या लांबीच्या पान्याने एका हाताने घट्ट करा, पान्याला पाइप जोडून नाही.

७. अडीच लिटर भरा, पाच मिनिटांनी डिपस्टिक बघा, मग थोडं थोडं वाढवा. इंजिन चालू केल्यावर ऑईलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. विझला नाही तर लगेच बंद करा. बंद करून पाच मिनिटांनी गाडी सपाट जागेवर असताना परत डिपस्टिक बघा. लेव्हल दोन खुणांच्या मधल्या वरच्या भागात हवी, वरच्या खुणेच्या वर नाही. जास्त भरलेलं ऑईल फेस धरतं, ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) एअर फिल्टरमध्ये जातं आणि प्लग काळे करतं.

निघालेलं जळकं ऑईल गटारात किंवा ओढ्यात ओतू नका. नव्या ऑईलच्या रिकाम्या डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या. त्यांच्याकडून ते पुढे जातं.

पाणी, कुलंट आणि न काढायचा थर्मोस्टॅट

माण-खटावकडे बोअरचं पाणी जड असतं. ते रेडिएटरमध्ये गेलं की क्षार नळ्यांच्या आत पांढऱ्या थरासारखे बसतात, आणि मे महिन्यात गाडी खंबाटकी घाटात गरम होते. डिस्टिल्ड वॉटर आणि कुलंट अर्धं-अर्धं घ्या. मिसळलेलं तयार कुलंट घेतलं असेल तर त्यात आणखी पाणी घालू नका, डब्यावर वाचा. दोन वेगवेगळ्या प्रकारचं कुलंट एकत्र केलं तर काही वेळा चिखल तयार होतो, म्हणून आधीचं पूर्ण काढा.

इंजिन पूर्ण गार झाल्यावरच टोपण उघडा. खालचा कॉक सोडून निघालेलं पाणी मोजा; तेवढंच परत गेलं पाहिजे. कमी गेलं तर आत हवा अडकलीय. हीटर असेल तर त्याची मूठ गरमवर ठेवा, टोपण उघडं ठेवून इंजिन चालवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत हळूहळू भरत राहा. पंखा एकदा फिरून बंद झाला की काम झालं. वरची नळी गरम झाली तरी पंखा फिरत नसेल, तर फ्यूज आणि पंख्याच्या थर्मोस्विचची वायर बघा.

आपल्याकडे गाडी गरम झाली की थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरचं पाणी अडवणारी झडप) काढून फेकायची जुनी खोड आहे. काढू नका. तो नसेल तर इंजिन नीट तापत नाही, चोक जास्त वेळ ओढावा लागतो, पेट्रोल जास्त जातं आणि ते ऑईलमध्ये उतरतं. थर्मोस्टॅट चालतो का ते घरीच कळतं: भांड्यात पाणी तापवून त्यात दोऱ्याने टांगा. पाणी उकळायच्या थोडं आधी, साधारण ८२ अंशांच्या आसपास, त्याचं झाकण उघडायला लागलं पाहिजे. नाही उघडलं तर नवा घाला.

फॅन बेल्टही याच वेळी बघा. हाच बेल्ट पाण्याचा पंप आणि अल्टरनेटर फिरवतो. तो तुटला की बॅटरीचा दिवा आधी लागतो आणि मग तापमानाचा काटा वर चढतो. दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने चांगला दाबल्यावर बेल्ट ६ ते ९ मि.मी. खाली गेला पाहिजे. आतल्या बाजूला चिरा असतील तर ताण बघत बसू नका, बदला. गाडी चालू करताना किंचाळणारा बेल्ट बहुतेक वेळा ढिला असतो. जास्त आवळला तर मात्र पंपाचं बेअरिंग जातं.

बॅटरी आणि अर्थ

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी साठली असेल तर निगेटिव्ह आधी सोडा (१० चा पाना), लावताना निगेटिव्ह शेवटी. कारण साधं आहे: पॉझिटिव्ह सोडताना पाना बॉडीला लागला आणि निगेटिव्ह जोडलेलं असलं, तर तिथेच ठिणगी. खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने धुवा, पुसून कोरडं करा, जोडून झाल्यावर व्हॅसलिन लावा.

रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. इंजिन चालू असताना १३.५ ते १४.५. त्याखाली असेल तर चार्जिंगचा प्रश्न आहे, बॅटरीचा नाही. नवी बॅटरी घेण्याआधी एवढं मोजा. बॅटरी ठीक असून स्टार्टर ‘टक’ करून थांबत असेल तर इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थची पट्टी काढून दोन्ही टोकं घासा.

एअर फिल्टर आणि पेट्रोलची वाट

धुळीच्या रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर दर ऑईल बदलाला उघडा. फिल्टर उन्हाकडे धरा; आरपार उजेड दिसला पाहिजे. कमी दाबाची हवा आतून बाहेर मारा, बाहेरून आत नाही, नाहीतर धूळ कागदात रुतते. तेलकट झालेला फिल्टर साफ होत नाही, तो टाकायचाच.

पेट्रोल पाइपकडे आता आधीपेक्षा जास्त लक्ष द्यावं लागतं. आता पंपांवर मिळतं ते ई-२० पेट्रोल, म्हणजे २० टक्के इथेनॉल. ते आपल्याच कारखान्यांच्या उसापासूनही बनतं, पण ८०० च्या नळ्या बनल्या तेव्हा त्याचा विचार झाला नव्हता. इथेनॉलने जुनं रबर आधी फुगतं, मग भेगाळतं. इंजिन गार असताना प्रत्येक रबरी नळी वाकवून बघा. वाकवल्यावर केसासारख्या चिरा दिसल्या किंवा नळी बोटाला चिकट लागली तर बदला. दुकानात साधी रबरी नळी दिली तर घेऊ नका. ‘एसएई जे३० आर९’ छापलेली मागा आणि मापासाठी जुना तुकडा सोबत न्या. क्लिपही नव्या घ्या. इंधन फिल्टर त्याच वेळी बदला. त्यावर बाण असतो, तो कार्ब्युरेटरच्या दिशेने हवा.

इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. पावसाळ्यात गाडी दोन-दोन महिने झाकून ठेवली, तर टाकीच्या तळाशी पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन बसतं. मग चालू करताच मिसिंग, आणि दोष पुन्हा कार्ब्युरेटरवर. टाकी बरीचशी भरलेली ठेवा आणि गाडी आठवड्यातून एकदा तरी पूर्ण गरम होईपर्यंत फिरवा. दारात उभी करून पाच मिनिटं रेस देणं पुरेसं नाही. त्यात ओलावा उलट सायलेन्सरमध्ये साठतो.

प्लग आणि वायरी

इंजिन गार असताना काम करा, कारण हेड ॲल्युमिनियमचं आहे आणि गरम हेडमधून प्लग काढताना आटे निघून येतात. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-३-२ आहे. वायरी अदलाबदल झाल्या की गाडी चालूच होत नाही किंवा फटके मारते, म्हणून प्रत्येक वायरीला टेप लावून नंबर टाका आणि एक-एक करून काढा. वायर ओढायची नाही, तिची टोपी धरून फिरवत काढायची. प्लग सोडण्याआधी त्याच्या खड्ड्यातली माती फुंकून किंवा हवेने उडवा. ती सिलिंडरमध्ये पडते.

आता तिन्ही प्लग क्रमाने कागदावर ठेवा आणि बघा. टोक फिकट तपकिरी असेल तर सगळं ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय: फिल्टर तुंबलाय किंवा चोकची केबल पूर्ण परत जात नाही. ओलसर, तेलकट काळा म्हणजे ऑईल वर येतंय. पांढरट म्हणजे पेट्रोल कमी किंवा कुठून तरी फुकटची हवा शिरतेय. तीनपैकी एकच प्लग वेगळा दिसत असेल तर कार्ब्युरेटर सोडून द्या. तो तिन्ही सिलिंडरला एकच माल देतो. त्या सिलिंडरची वायर, प्लग किंवा कॉम्प्रेशन (आतला दाब) बघा.

फीलर गेजने गॅप ०.७ ते ०.८ मि.मी. ठेवा. बाहेरचं टोक हलकेच वाकवायचं, मधल्या पांढऱ्या चिनी मातीवर जोर नाही. बसवताना आधी प्लग हाताने शेवटपर्यंत फिरवा. नवा प्लग टेकला की अर्धा ते पाऊण फेऱ्याच्या मध्ये, जुना असेल तर जेमतेम फेऱ्याचा बारावा ते आठवा भाग.

डिस्ट्रिब्युटरची (तिन्ही प्लगना क्रमाने वीज वाटणाऱ्या भागाची) टोपी उघडून आतल्या खुंट्या आणि रोटरचं टोक बघा. हिरवट-पांढरं साठलं असेल तर साफ करा. आत पेन्सिलीच्या रेषेसारखी काळी बारीक रेघ दिसली तर ती तडा आहे, टोपी बदला. आधीच्या गाड्यांना डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंट (ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) असतात: त्यांचा गॅप ०.४ ते ०.५ मि.मी. पॉइंट जळून एका बाजूला खड्डा आणि दुसरीकडे टेंगूळ आलं असेल तर कंडेन्सरही सोबत बदला.

वायरींची परीक्षा रात्री. अंधारात बोनेट उघडा, इंजिन चालू ठेवा आणि वायरींवर स्प्रेच्या बाटलीने पाण्याचा हलका फवारा मारा. निळ्या ठिणग्या नाचताना दिसल्या की जुलैमध्ये कासच्या धुक्यात गाडी का बंद पडते ते कळतं. चालू इंजिनवर वायरींना हात लावू नका.

क्लच, ब्रेक, टायर

क्लच पेडल हाताने दाबा. दीड ते अडीच सें.मी. मोकळं गेलं पाहिजे. मोकळीक नसेल तर प्लेट घसरते, जास्त असेल तर गिअर टाकताना कर्र वाजतं. गिअरबॉक्सकडच्या केबलच्या टोकाला नट आहे, तिथे जमतं.

ब्रेकचं घरी फक्त बघायचं काम करा. पुढे डिस्क आहे: चाक काढून पॅड बघा, मसाला ३ मि.मी. पेक्षा कमी असेल तर बदलायची वेळ झाली. मागचे ड्रम, व्हील सिलिंडर आणि ब्रेकमधली हवा काढणं नवख्या हाताचं काम नाही. डॉट ३ फ्लुइड मात्र दोन वर्षांनी बदलून घ्या. कोरडं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत टिकतं. ओलावा शोषलेल्या फ्लुइडसाठी तीच मर्यादा १४० वर येते. यवतेश्वर घाट चौथ्या गिअरमध्ये ब्रेक दाबत उतरलात तर त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल पायाखाली मऊ पडतं. म्हणून घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरायचा.

पुढची चाकं पूर्ण वळवून सीव्ही जॉइंटचे (चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या सांध्याचे) रबरी बूट बघा. फाटलेला बूट लगेच बदलला तर काम थोडक्यात भागतं. आत माती गेली की वळताना टक-टक सुरू होते आणि जॉइंटच जातो. टायरवरच्या चार आकड्यांत तारीख असते, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी कडक पडून भेगाळलेले टायर काढा.

पावसाळ्याआधी वायपरखालच्या जाळीतला पालापाचोळा आणि दारांच्या खालची पाणी जायची भोकं मोकळी करा. मॅटखाली ओल राहिली तर तळाचा पत्रा वर्षा-दोन वर्षांत जातो.

आणि मग कार्ब्युरेटर

वरचं सगळं करूनही आयडलिंग (गाडी उभी असताना इंजिनाचं संथ चालणं) नीट होत नसेल तर आधी फुकटची हवा शोधा. इंजिन चालू असताना एकेक व्हॅक्यूम पाइप बोटांनी चिमटा. कुठला चिमटल्यावर इंजिनाचा आवाज सुधारला तर गुन्हेगार सापडला. कार्ब्युरेटर ज्या नटांवर बसलाय ते ढिले नाहीत ना, तेही बघा. चोकची मूठ आत ढकलल्यावर एअर क्लीनर काढून झडप पूर्ण उभी उघडते का ते डोळ्यांनी पाहा.

स्क्रू दोन आहेत. एक आयडल स्पीडचा; तो फिरवायला हरकत नाही. इंजिन पूर्ण गरम, पंखा बंद, दिवे बंद, चोक आत, अशा अवस्थेत ९०० आरपीएमच्या आसपास ठेवा. दुसरा मिक्श्चरचा, म्हणजे हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा. फिरवण्याआधी तो आत टेकेपर्यंत किती फेरे जातो ते मोजून लिहून ठेवा. बिघडलं तर परत यायला जागा हवी. टेकला की थांबा, आवळू नका. सुईच्या टोकाला एकदा खाच पडली की तो स्क्रू पुन्हा कधी नीट लागत नाही.

कानाने मिक्श्चर लावण्यापेक्षा पीयूसी काढायला जाल तेव्हा लावा. आधी पंधरा मिनिटं गाडी फिरवून गरम करा, गर्दी नसलेली वेळ बघा आणि मशीनची नळी सायलेन्सरमध्ये असतानाच पाव-पाव फेरा फिरवा, प्रत्येक वेळी अर्धा मिनिट थांबून आकडा वाचा. भारत स्टेज-२ च्या आधीच्या प्रदूषण नियमांनुसार बनलेल्या पेट्रोल चारचाकीला आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची १,५०० पीपीएम. आकडा ३ च्या आत आला आणि आयडलिंग गुळगुळीत राहिलं की स्क्रू ड्रायव्हर खिशात घाला. कार्बन मोनॉक्साइड कमी पण हायड्रोकार्बन १,५०० च्या वर असेल, तर ते पेट्रोल न जळताच बाहेर पडतंय. अशा वेळी मिक्श्चर सोडा आणि प्लगवर परत जा.